अठ्ठावीस इंची काळी सायकल बेळगावात कितपत चालते?

गणपत गल्ली-खडेबाजारची गर्दी आणि जूनपासूनचा पाऊस, दोन्हींत रोज चालवायची सायकल घेणार असाल तर जाड टायरच्या, सस्पेन्शनवाल्या सायकली आधी बाजूला काढा. त्यांना धड मडगार्ड नसतात, चेन उघडी, आणि स्वस्तातला सस्पेन्शन फोर्क पाणी शिरलं की गंजून अडकतो. शहापूर-वडगावातून उद्यमबागेत कामाला जाणाऱ्याला पूर्ण चेनकव्हर, पोलादी मडगार्ड, कॅरिअर आणि डबल स्टँडवाली जुन्या घडणीची काळी सायकलच बरी. वजन मात्र वीस किलोच्या घरात. रोज जिना चढवायचा असेल तर नाद सोडा.

पुढे ४४ दाती चक्र, मागे १८ दाती फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. सपाटीला झकास, पण कॅरिअरवर पोतं टाकून कपिलेश्वर उड्डाणपूल चढताना मांड्या भरून येतात. २० दाती फ्रीव्हील बसवा, तोच फेरा ४.९ मीटरवर येतो आणि चढ हलका होतो. चेन बहुधा तीच चालते. मागचा एक्सल सुमारे ६ मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो. मेख इथेच आहे. दांडीच्या ब्रेकचे (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक) रबरी गुटके रिमच्या आतल्या बाजूला लागतात, त्यामुळे चाक पुढे आलं की रिम गुटक्यांपासून लांब जाते आणि मागचा ब्रेक पोकळ होतो. दांडीचा बोल्ट पुन्हा जुळवून, ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय दुकानातून हलू नका.

ब्रेक हीच या सायकलची खरी दुखरी बाजू. क्रोमच्या ओल्या रिमवर रबर नुसतं घसरतं. दुसऱ्या रेल्वे गेटची रांग दिसली की लांबूनच ब्रेक हलका दाबून धरा. रिमवरचं पाणी पुसलं गेलं की मग तो पकडतो. पावसाळ्याआधी कडक, चकाकलेले गुटके बदलाच.

पायडल मारताना दर फेऱ्याला ‘टक्’ वाजलं तर बहुधा कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आसाला पक्का धरणारी खिळी) झिजलेली असते. नट आवळून भागत नाही, उलट आटे जातात. दोन्ही पिना एकदम बदलाव्यात, क्रँकखाली भक्कम आधार देऊन हातोडीने ठोकून बसवाव्यात, नट शेवटी. पंक्चर नसताना हवा उतरत असेल तर आधी वॉलट्यूब (व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी) पाहा, उन्हाने चिरते. काही रुपयांची वस्तू, दोन जवळ ठेवा.