हळद, सोडा, मेणबत्ती की मटकी? घरातला पहिला प्रयोग निवडताना

मुलांना घरी एखादा प्रयोग करून दाखवायचा म्हटलं की बहुतेकांना आधी ज्वालामुखी आठवतो. खायचा सोडा, व्हिनेगर, चिमूटभर लाल रंग आणि फसफसून वर येणारा फेस. मुलं खूश होतात, तरी पहिला प्रयोग म्हणून मला तो पटत नाही. फेस ओसरला की मुलाच्या हाती काही उरत नाही. प्रयोग निवडताना मी आधी एवढंच बघते, की एखादी वस्तू बदलून मुलाला तो स्वतःच पुन्हा करता येतो का.

या कसोटीवर हळदीला तोड नाही. हळद पाण्यात कालवून टिपकागदाला लावायची, वाळवायची आणि पट्ट्या कापायच्या. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब पडला की पट्टी लाल होते, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे मुलाला इथे कळतं. मग ते घरभर पट्ट्या घेऊन फिरतं: धुण्याचा सोडा, ताक, चिंचेचं पाणी, शाम्पू. अंगाच्या साबणाच्या वडीने पट्टी लाल होते, पण काही शाम्पूंनी होत नाही. का? कारण हळद लाल होते ती अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थांनी, आणि ते शाम्पू तसे नसतात. हळदीची मर्यादाही लवकरच दिसते: साधं पाणी आणि लिंबू, दोन्हींना ती पिवळीच राहते. तेव्हा लाल जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवा. त्या पाण्यात लिंबू घातलं की गडद गुलाबी, सोडा घातला की हिरवट रंग येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं. फक्त जुने कपडे घाला आणि धुण्याचा सोडा मोठ्यांनी हाताळा.

सोड्याचाच प्रयोग हवा असेल तर ज्वालामुखीऐवजी फुगा घ्या. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर ओढून उभा केला की सोडा खाली पडतो आणि कार्बन डायऑक्साइडने फुगा भरतो. व्हिनेगर तेवढंच ठेवून सोडा चमचा-चमचा वाढवत न्या. एका टप्प्यानंतर फुगा आणखी मोठा होत नाही, कारण व्हिनेगरमधलं आम्ल संपलेलं असतं. बाटलीला झाकण मात्र कधीही लावू नका, ती फुटू शकते.

पाणी भरलेल्या बशीत मेणबत्ती लावून, तिच्यावर ग्लास उपडा ठेवून पाणी वर चढवणं हा प्रयोग दहा वर्षांच्या पुढच्यांसाठी, आणि तोही मोठं माणूस शेजारी बसून. आगीइतकीच मला त्याच्या चुकीच्या स्पष्टीकरणाची काळजी वाटते. 'ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली' असं अजूनही सांगितलं जातं. नीट बघा: पाणी झपकन चढतं ते ज्योत विझल्यावर. आतली तापलेली हवा थंड होऊन आकसते, हे मुख्य कारण. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर त्याच ग्लासात पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन तर तेवढाच होता! मोठ्या मुलाशी वाद घालायला याहून चांगला प्रयोग नाही.

आणि मटकी. धीर धरणाऱ्या मुलासाठी हीच घ्या. मोड आलेली मटकी दोन वाट्यांत ओल्या कापसावर पेरा; एक खिडकीत, एक कपाटात. काही दिवसांनी कपाटातली रोपं जास्त उंच, पण पिवळी आणि लुळी दिसतात. 'उजेडाशिवाय वाढ होत नाही' असं आधीच ठरवून बसलेलं मूल इथे चकित होतं. धोका जवळपास शून्य. फक्त रोज पाणी घालायचं काम मुलाकडेच द्या.

विकतचे संच आणणार असाल तर आधी डबा उघडून बघा. घरात लहान भावंड असेल तर बटण सेल आणि छोटे लोहचुंबक नकोतच. गिळले तर अन्ननलिकेला किंवा आतड्यांना गंभीर इजा होऊ शकते. हळद लाल करायला पानाचा चुनाही कुणी सुचवेल. तो मुलांच्या हाती देऊ नका. पुडी दाबताना चुना डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. तसं झालंच, तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.