पुण्यातला टपालाचा बटवडा, आणि गावाला जाताना तो थांबवण्याची सोय

बटवड्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. तो काही दिवस थांबवून ठेवण्याची सोय मात्र आपण होऊन कुणी सांगत नाही. मागितली तरच मिळते, आणि नीट मागितली तरच नीट चालते.

पिनकोडातले पहिले तीन आकडे, म्हणजे ४११, हे पुण्याचे. शेवटचे तीन सांगतात की पत्र कुठल्या पोस्टातून वाटलं जाणार. जुनी मंडळी पत्त्यात नुसतं 'पुणे ३०' लिहितात, तो ४११०३० चाच शेवट. सकाळी थैल्या उघडल्या की टपाल बीटप्रमाणे, म्हणजे प्रत्येक पोस्टमनच्या ठरलेल्या भागाप्रमाणे, वेगळं होतं, पोस्टमन आपल्या वाटेच्या क्रमाने गठ्ठे लावतो आणि निघतो. साधं पत्र पेटीत पडतं. स्पीड पोस्टला सही लागते, आणि २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे आता नोंदणीचं टपालही त्यातूनच येतं. दाराला कुलूप असेल तर चिठ्ठी ठेवली जाते, पाकीट साधारण सात दिवस पोस्टात थांबतं आणि मग शेरा मारून परत जातं.

खरी अडचण या परत जाण्यात आहे. पासपोर्ट परत गेला तर पासपोर्ट कार्यालयात आणि लायसन्स परत गेलं तर आरटीओत खेटे घालावे लागतात. नोटिशीचं प्रकरण तर आणखी गंभीर. बरोबर पत्त्यावर नोंदणीने पाठवलेली नोटीस 'घर बंद' असा शेरा घेऊन परत गेली, तरी ती पोचली असंच कायदा गृहीत धरतो. चेक न वटल्याच्या नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितलं आहे. पोचली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून महिनाभर मुलीकडे किंवा गावी जाणाऱ्यांनी टपाल थांबवून ठेवण्याचा अर्ज टाळू नये.

अर्ज कुठे द्यायचा, इथेच बहुतेकांचं चुकतं. घराजवळचं पोस्ट बटवडा करतंच असं नाही. काही पोस्टांत फक्त खिडकीचं काम चालतं. टपाल खात्याच्या पिनकोड यादीत प्रत्येक पोस्टापुढे 'डिलिव्हरी' की 'नॉन-डिलिव्हरी' हे लिहिलेलं असतं, ते आधी पाहा. मग आपला बटवडा करणाऱ्या पोस्टातल्या पोस्टमास्तरांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा. त्यात पिनकोडासह पूर्ण पत्ता, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत थांबवायचं, मोबाइल नंबर, सही आणि सोबत ओळखपत्राची प्रत. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, कारण टपाल नावावर अडवलं जातं. अर्ज एकट्या वडिलांचा असेल तर सुनेच्या नावचं पाकीट नेहमीसारखं बाहेर पडेल. किती दिवस ठेवता येईल ते तिथेच विचारून घ्या. मुक्काम त्याहून लांबणार असेल तर मुक्कामाच्या पत्त्यावर टपाल वळवायचा अर्ज द्या, किंवा विश्वासातल्या माणसाला अधिकारपत्र द्या: त्याचं नाव, नमुना सही, ओळखपत्र.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह शिक्का मागा. तक्रारीची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो. निघायच्या आदल्या दिवशी धावत जाण्यापेक्षा तीन-चार दिवस आधी गेलेलं बरं. आपल्या बीटच्या पोस्टमनकाकांनाही तोंडी सांगून ठेवा. ते रजेवर असले की बदली माणूस येतो आणि त्याला आपलं घर माहीत नसतं. तेव्हा अर्जाची नोंद बीटवर लागली आहे ना, हे अर्ज देतानाच विचारा.

सोसायटीच्या वॉचमनलाही बजावून ठेवा की नोंदणीचं पाकीट सही करून घेऊ नकोस. ते त्याच्या टेबलाच्या खणात राहिलं तरी पोस्टाच्या लेखी 'पोचलं'.

या अर्जाचा खासगी कुरिअरशी काही संबंध नाही. बँकेचं कार्ड त्यातून येणार असेल तर बँकेलाच सांगावं लागतं.

परत आल्यावर ओळखपत्र घेऊन पोस्टात जा, साठलेलं टपाल सही करून घ्या आणि बटवडा सुरू करा असं लिहून द्या. स्पीड पोस्टाचा तेरा अक्षरी नंबर हाताशी असेल तर पाकीट कुठे आहे ते टपाल खात्याच्या संकेतस्थळावर आधीच दिसतं. अडलंच तर १८०० २६६ ६८६८ हा टोल फ्री नंबर आहे.