केक पॉप शिका, माल आम्हीच घेऊ: माझे २३,५०० रुपये असे गेले

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तसलीच जाहिरात आली. घरबसल्या केक पॉप (काडीवरचे चॉकलेट लावलेले केकचे गोळे) शिका, तयार माल आम्हीच विकत घेऊ. नाव वेगळं होतं, फोटो मात्र तोच, गुलाबी पॉप्सचा. तो बघून माझ्या पोटात गोळा आला. माझ्यासारख्याच कुणीतरी आज तो नंबर फिरवत असतील, म्हणून आकड्यांसकट सगळं लिहिते आहे.

मी पुण्यात धायरीला राहते. २०२५ च्या जूनमध्ये ह्यांच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि मुलीच्या क्लासची फी तोंडावर आली. ओळखीपाळखीत वाढदिवसाचे केक मी करून द्यायचेच. अशात पेपरातून पत्रक आलं: सिंहगड रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये मोफत डेमो. चाळीसेक बायका जमल्या होत्या. शिकवणाऱ्या सरांचा हात बसलेला होता, हे मान्य करायलाच हवं. केक कुस्करला, गनाश (क्रीम आणि चॉकलेटचं मिश्रण) घालून मळला, लिंबाएवढे गोळे वळले, काडी खोचली, चॉकलेटमध्ये बुडवून वाटीच्या कडेवर दोनदा हलकेच आपटलं, वर रंगीत दाणे. दहा मिनिटांत ट्रे सजला.

मग फळ्यावर हिशोब मांडला. एका पॉपला खर्च ९ रुपये, कंपनी घेणार २४ रुपयांना. आठवड्याला ३०० पॉप, म्हणजे ४,५०० रुपये सुटतात. किट १८,५०० रुपयांचं, वर ५,००० अनामत, तीही परत मिळणारी. त्याच महिन्यात माझी २०,००० ची भिशी लागली होती. उरलेले साडेतीन हजार मी घरखर्चातून काढले.

पैसे भरताना क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर कंपनीचं नव्हे, कुणा माणसाचं नाव आलं. मी विचारलं. "बँकेचं काम चालू आहे ताई, तोवर सरांच्या खात्यावर घेतोय," म्हणाले, आणि मी बटण दाबलं. पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला होता. तो मी मोजला असता तर तिथेच थांबले असते, कारण त्यात १३ च अक्षरं होती. खरा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी साइटवर तो टाकला की धंद्याचं नाव दिसतं, लॉगिनही लागत नाही. खाण्याच्या मालाला एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी क्रमांक लागतो, तोही त्यांच्या साइटवर तपासता येतो. दोन्हीला मिळून पाच मिनिटं लागली असती.

करार ५०० च्या स्टॅम्प पेपरवर झाला, त्यामुळे मला फार धीर वाटला. पण स्टॅम्प पेपर कुणीही विकत आणू शकतो. आत काय लिहिलंय ते महत्त्वाचं, आणि आत सातव्या कलमात होतं: मालाचा दर्जा ठरवण्याचा अंतिम अधिकार कंपनीचा राहील. सगळा खेळ त्या एका ओळीत होता. मी ती वाचली होती, तरी सही केली.

किट घरी आलं. कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी दुसरं तेल घातलेलं स्वस्त चॉकलेट) साध्या पारदर्शक पिशव्यांत, पाच किलो. उत्पादकाचं नाव नाही, तारीख नाही, हिरवा ठिपकासुद्धा नाही. बारा खळग्यांचं विजेचं मशीन किटमध्ये ६,५०० ला लावलं होतं, तेच पुढे मला ऑनलाइन १,९०० ला दिसलं. बरं, केक कुस्करून हाताने गोळे वळायचे तर मशीन लागतच नाही. त्यात पीठ घालून गोल केक भाजले जातात, ती पद्धतच निराळी. नंतर मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, तेव्हा मशीन सोडून सगळं साहित्य, काड्या, साचे, दाणे, लेबल असलेलं कंपाउंड, ४,००० च्या आत बसत होतं.

शिकवलं काय, ते नीट सांगते, कारण माझा माल त्यावरच नाकारला गेला. गोळे डीप फ्रीझरमध्ये दोन तास दगडासारखे करा आणि कडक गरम चॉकलेटमध्ये बुडवा, असं शिकवलं. रात्री एक वाजता ओट्यावर शंभर पॉप उभे करून मी झोपले. सकाळी जवळून पाहिलं तर काडीपासून वरपर्यंत केसाएवढी चीर, साठ-सत्तर पॉप्सना. गार गोळा खोलीच्या तापमानाला आला की फुगतो, वरचं कवच आधीच घट्ट झालेलं असतं, ते तडकतं. गोळे साध्या फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवावेत, बुडवण्याआधी थोडा वेळ बाहेर काढावेत आणि चॉकलेट कोमट असावं, हे मला महिन्याभराने स्वतःच्या हाताने करून कळलं. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून अर्ध्यापर्यंतच खोचायचं, क्रीम बेताचं घालायचं, नाहीतर गोळा काडीवरून घसरतो. किटमधले रंग पाण्याचे होते. दोन थेंब पडले आणि अर्धा किलो कंपाउंड पिठल्यासारखं घट्ट, रवाळ होऊन वाया गेलं. चॉकलेटला तेलातला रंग किंवा पावडरचा रंग लागतो. ज्यांनी दोन दिवसांचा वर्ग घेतला, त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

पहिल्या शनिवारी मुलगा माल न्यायला आला. ४० नाकारले, २६० चे ६,२४० रुपये संध्याकाळी खात्यात. घरात आनंद झाला. त्या आनंदात मी धाकट्या जावेला फोन केला आणि म्हटलं, "तूही घे गं, पैसे खरंच देतात." तिने बुधवारी २३,५०० भरले. हे लिहिताना अजून हात थांबतो.

दुसऱ्या शनिवारी त्याच मुलाने डबा उघडला, एकेक पॉप बोटाने फिरवून बघितला. "क्रॅक आहे ताई. हाही रिजेक्ट." ३०० पैकी १८० गेले. उरलेल्या १२० चे पैसे पुढच्या शनिवारी, म्हणाला. आणि जाता जाता: गोल्ड किट घेतलं तर तपासणी लागत नाही, ३१,००० फक्त. तिसऱ्या आठवड्यात सगळाच्या सगळा माल बाद, जावेचासुद्धा. मी सरांना फोन करून ग्राहक मंचात जाईन म्हटलं. शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही ग्राहक नाही, व्यावसायिक आहात. मंच तुमचं ऐकणार नाही." त्यानंतर फोन लागला नाही. ऑफिसला गेले तर शटर खाली. वॉचमन म्हणाला, सकाळपासून तुम्ही सहाव्या.

त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मी पहिल्यांदा विचार केला, की आपले पॉप खातं कोण? अख्ख्या पुण्यात कुठल्या बेकरीत, कुठल्या कॅफेत यांचा माल मी पाहिला होता? एकाही नाही. मी कधी विचारलंही नव्हतं. त्यांना पॉप विकायचेच नव्हते. हॉलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत तीसेक जणींनी किट घेतलं, म्हणजे किटचेच साडेपाच लाख झाले. मला आलेले ६,२४० कुणा दुसरीच्या किटमधून आले असणार. माझ्या जावेचे पैसेही असेच कुणाला तरी गेले असतील, भरवसा बसावा म्हणून.

पुढचं थोडक्यात. चौकीत एकटी गेले तेव्हा हा दिवाणी व्यवहार आहे असं ऐकून परत आले. मग आम्ही अकरा जणी एकमेकींना शोधून एकत्र गेलो, एकच मजकूर, प्रत्येकीची पावती सोबत, तेव्हा अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते अर्जात लिहा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी फोन केला, पण पैसे जाऊन महिना होत आला होता. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी खात्यात अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

ग्राहक मंचाबद्दल सर बोलले ते खरं नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात (मंचाचं आताचं नाव) शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. आमची तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या सरकारी साइटवर दाखल आहे, तारखा पडताहेत.

ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनी चॅट डिलीट करू नका. नाकारलेल्या मालाचे फोटो तारखेसह ठेवा, आणि "रिजेक्ट" हे तोंडी न घेता लिहून मागा. माझ्याकडे फोटो फक्त शेवटच्या आठवड्याचे आहेत, त्याचं आता फार वाईट वाटतं.

जावेच्या रकमेतले निम्मे, ११,७५०, मी भरायचे ठरवले आहे. ती नको म्हणते, एकदा रडलीसुद्धा. आता मी केक पॉप करते ते फक्त ऑर्डरचे, तीस-चाळीस, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. त्यातून दर महिन्याला १,५०० तिच्या खात्यात टाकते. पाच हप्ते झाले, तीन राहिलेत.