‘नुसतं तारण म्हणून खरेदी करून द्या, अण्णा’

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस पट्ट्यात पैशाची ओढ लागते. छाटणीची मजुरी, डोळे फुटायला लावायची पेस्ट, पुढे डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), औषधं हे सगळं आधी घालायचं आणि माल हातात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. कराड-वाळव्याकडे उसाचं दुखणं वेगळं. बिल 14 दिवसांत द्यावं असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो, पण ते लांबलं की गावच्या विकास सोसायटीचा हप्ता थकतो, सोसायटी थकली की नवं पीककर्ज बंद आणि सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) पडलं की बँक दारात उभं करत नाही. माण-खटावात बहुतेक वेळा दवाखाना नाहीतर लग्न हे कारण असतं. मग कुणीतरी ‘शेकड्यानं देणारा’ खासगी सावकार सुचवतो. सुचवणारा ओळखीचाच असतो आणि त्याचे दोन टक्के त्यात धरलेले असतात.

शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये, वर्षाला 60 टक्के. हे ऐकून कर्ज घेणारा दचकत नाही, कारण डोक्यात ‘तीन-चार महिन्यांचाच प्रश्न आहे’ असं असतं. दोन लाखांचा हिशेब मांडून बघा. पहिल्या महिन्याचं व्याज 10,000 आधीच कापलं, मध्यस्थाचे 4,000, ‘कागदाचा खर्च’ 3,000. हातात आले 1,83,000, व्याज मात्र दोन लाखांवर. दरमहा 10,000 देत राहिलं तर 20 महिन्यांत दोन लाख देऊन होतात आणि मुद्दल जिथल्या तिथं, पूर्ण दोन लाख. हेच 10,000 सावकारी कायद्यातल्या 12 टक्के दराने फेडले असते, तर तेविसाव्या हप्त्याला मुद्दलासकट कर्ज संपलं असतं.

मधे बागेवर पाऊस झाला आणि तीन महिने व्याज चुकलं की 30,000 मुद्दलात मिळवले जातात. आता व्याज 2,30,000 वर, म्हणजे महिन्याला 11,500. नवी चिठ्ठी लिहून घेतात. जुनी परत मिळत नाही. ‘फाडून टाकतो की, तुम्ही जावा’ असं म्हटलं जातं आणि पुढे कोर्टात दोन्ही चिठ्ठ्या स्वतंत्र कर्जं म्हणून उभ्या राहतात.

बाजारपेठेतल्या टपरीवाल्यांना आणि भाजीवाल्यांना ‘डेली’ दिली जाते, तिचाही दर सांगून ठेवतो. दहा हजारांच्या नावाखाली 8,500 हातात आणि रोज 100 रुपये 100 दिवस. दिसायला दीड हजार जास्त, पण मुद्दल रोज परत जात असतं, त्यामुळे खरा दर वर्षाला 120 टक्क्यांच्या आसपास बसतो.

तरीही व्याज जड असणं ही एक गोष्ट झाली. ती निदान आधी कळलेली असते. माणूस नागवला जातो तो पहिल्या दिवशी सही करून दिलेल्या कागदांनी, आणि ते कागद देताना ‘आपल्यात विश्वास आहे, हे नुसतं पद्धत म्हणून’ असंच सांगितलेलं असतं.

चेक हा त्यातला सगळ्यात साधा. एक मागितला जातो, घेतात दोन-तीन, रक्कम आणि तारीख कोरी. लोकांचा समज असा की कोरा चेक कोर्टात टिकत नाही. टिकतो. सही तुमची असली आणि चेक तुम्ही स्वतःहून दिला असला, तर रक्कम दुसऱ्याने भरली तरी देणं आहे असं कायदा गृहीत धरतो; देणं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. बँकेत जाऊन ‘स्टॉप पेमेंट’ केलं म्हणजे सुटलो, हाही गैरसमज. चेक परत आला की समोरचा 30 दिवसांत नोटीस पाठवतो आणि नोटीस मिळाल्यापासून तुमच्या हातात 15 दिवस असतात. पोस्टमनकडून ती न घेणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्याने काहीही थांबत नाही.

दुसरा कागद ‘हातउसने’ पावतीचा. सावकारीचा व्यवहार नाही, ओळखीपोटी बिनव्याजी दिलेत असं त्यात लिहिलेलं असतं. वाचायला घेणाऱ्याच्या फायद्याचं वाटतं, व्याजाचं नावच नाही! पण तो शब्द घातलेला असतो सावकारी कायद्यातून बाहेर पडण्यासाठी. रक्कमही हातात आलेल्यापेक्षा मोठी, बऱ्याचदा दुप्पट. कोरा स्टँप असेल तर मजकूर केव्हाही लिहिता येतो. एवढं लक्षात ठेवा की स्टँप कुणी, कधी, कशासाठी घेतला याची नोंद मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत असते. ऑक्टोबर 2024 मध्ये अशा कागदांचा मुद्रांक 100-200 वरून 500 रुपयांवर गेला. मागची तारीख टाकून लिहिलेला कागद अशा बारीकसारीक गोष्टींत उघडा पडतो.

गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर आरसी बुकाबरोबर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या मागतात. मालकी बदलायचे आरटीओचे मुख्य अर्ज हेच, मग ट्रॅक्टर तिसऱ्याच्या नावावर गेलेला हंगामातच कळतो. ऊसबिल किंवा पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं एटीएम कार्ड पिनसह ठेवून घेण्याची रीतही जुनी आहे. सोन्याचं तर वजन आणि कॅरेट लिहिलेली पावती नसेल, तर जे परत येईल ते आपलंच होतं हे सिद्ध करता येत नाही.

पण सगळ्यात मोठा घाव जमिनीवर बसतो. रक्कम तीन-चार लाखांच्या वर गेली की भाषा बदलते: ‘नुसतं तारण म्हणून खरेदी करून द्या, अण्णा. पैसे दिले की दुसऱ्या दिवशी फिरवून देतो.’ दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जो दस्त होतो तो कायम खरेदीखत असतो. त्यात किंमत रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) हिशेबाने लिहिलेली, आणि ‘मोबदला पूर्ण मिळाला, तक्रार नाही’ हे वाक्य. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्चही कर्ज घेणाऱ्याच्याच मुद्दलात. शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी लागतो, म्हणून दस्तावर बऱ्याचदा सावकाराचं नाव नसतंच. मेव्हणा, चुलतभाऊ, भागीदार असं कुणीतरी असतं. पुढे बोलायला गेलं की सावकार म्हणतो, ‘माझा काय संबंध? खरेदी त्यांच्या नावावर आहे.’

गहाण ठेवणं आणि विकणं यांत कायदा काटेकोर फरक करतो. ठरलेल्या मुदतीत पैसे दिले की जमीन परत, ही अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच ते मुदत खरेदीचं गहाण धरलं जातं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये तसं आहे. अट वेगळ्या कागदावर, नोटरी करून किंवा तोंडी दिली असेल तर दिवाणी कोर्टात ते गहाण म्हणून उभं राहत नाही. नेमका तोच वेगळा कागद दिला जातो, वर ‘हा बघा, सगळं लिहून दिलंय’ हे ऐकवून. वाचता न येणाऱ्यापेक्षा थोडंफार वाचता येणारा माणूस इथं जास्त फसतो, कारण त्याला कागद हातात असल्याचं समाधान असतं.

दस्त झाला की फेरफार धरला जातो आणि तलाठ्याकडून नोटीस निघते. हरकतीला 15 दिवस. नोटीस घरी आली नाही तरी ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या नावाने दिसते, मोबाईलवर फुकट. या 15 दिवसांत लेखी हरकत दिली तर नोंद ‘तक्रारी’ होते आणि मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागते. हरकत न देता नोंद मंजूर झाली, की सातबाऱ्यावर नवं नाव आणि त्या नावावर बँकेचं कर्ज किंवा तिसऱ्याला विक्री. तिसरा आला की गुंता दहा पटीने वाढतो.

आता परवान्याचं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 साली आला, त्याआधी 1946 चा मुंबई सावकार कायदा होता. परवाना जिल्ह्याचे उपनिबंधक, सहकारी संस्था हे निबंधक म्हणून देतात, तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय असतं. परवान्यावर नाव, क्रमांक, कार्यक्षेत्र आणि मुदत असते. शासनाने ठरवलेले दर असे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12; बिगरशेती कर्जदाराला तारणावर 15, विनातारण 18. चक्रवाढ चालत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एकूण वसूल करता येत नाही, हा जुना दामदुपटीचा नियमच. कोऱ्या कागदावर सही घेणं परवानाधारकालाही गुन्हा आहे. परवान्याशिवाय सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘आमच्याकडे लायसन आहे’ या वाक्यावर मात्र थांबू नका. परवाना बायकोच्या नावावर सोनेतारणाचा, आणि शेकड्याचा धंदा नवऱ्याचा, हे सर्रास चालतं. कसोटी सोपी आहे: तुमच्या कर्जाची पावती त्या परवान्याच्या क्रमांकासह मिळाली का, आणि पावतीवरचा दर सरकारी आहे का. नसेल तर तुमच्यापुरता परवाना नाहीच.

भिशीबद्दल दोनच वाक्यं. वीस जणांची पाच हजारांची लिलाव भिशी 70-75 हजारांवर उचलणं म्हणजे लाखातले 25-30 टक्के आधीच सोडणं. चालवणाऱ्याने नोंदणी केलेली नसेल तर तो पळाल्यावर वसुलीचा रस्ता फार अरुंद असतो. आणि महिलांच्या गटाला ‘पन्नास हजार मंजूर, आधी विम्याचे दोन हजार भरा’ म्हणणारा कुणीही असो, त्याला चहासुद्धा पाजू नका. मायक्रोफायनान्स कंपनी आधी रोख गोळा करत फिरत नाही.

हळद किंवा बेदाणा घरात पडून असेल तर सावकाराआधी बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करावी. पणन मंडळाच्या योजनेत 6 टक्क्यांनी 180 दिवसांसाठी पैसे मिळतात. सोनं असेल तर बँक किंवा पतसंस्था. सोसायटी थकलेली असेल तर आधी तीच नियमित करणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं, कारण वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही.

आधीच अडकला असाल तर पहिलं काम रोखीत देणं बंद करण्याचं. व्याज खात्यावरून किंवा यूपीआयने पाठवा. सावकार स्वतःचा नंबर देणार नाही, पोराचा किंवा दुकानातल्या नोकराचा देईल. देऊ दे. तो नंबर आणि ती नोंदच पुढे कामाला येते. आतापर्यंत रोख दिलेल्याची वही करा: तारीख, रक्कम, कुठं दिली, सोबत कोण होतं. चेकबुकाची अर्धुकं जपा. तुमचा 121 नंबरचा चेक सावकाराकडे आहे, 122 ते 140 हे 2021 मध्ये वटले आणि तो 121 वर 2024 ची तारीख घालून आणतो, तर चेक कधी दिला होता हे बँकेचा उताराच सांगतो. नोटिशीला 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने उत्तर द्या. चेक कोरा व तारणापोटी दिला, कधी दिला, परत किती गेले, समोरच्याकडे परवाना नाही, हे त्यात आलंच पाहिजे. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने वसुलीचा हुकूमनामा कोर्टाला देता येत नाही. पण तो सावकारी करतो हे तुम्हालाच मांडावं लागतं, आणि एकट्याच्या तक्रारीपेक्षा त्याच माणसाकडून घेतलेल्या चौघांची तक्रार ते जास्त लवकर दाखवते.

जमीन गेलेली असेल तर सांगली किंवा साताऱ्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे सावकारी कायद्याच्या कलम 18 खाली अर्ज होतो. अर्जाच्या आधीच्या 15 वर्षांतला व्यवहार त्यात घेता येतो. चौकशीत सावकारीतून जमीन गेली असं ठरलं तर दस्त अवैध ठरवून ताबा परत देण्याचा आदेश काढता येतो. अर्जाला खरेदीखताची नक्कल, आधीचा आणि नंतरचा सातबारा, फेरफार, बँकेचा उतारा जोडा. वजन कशाला येतं तर खरेदीनंतरही जमीन तुम्हीच कसत होता याला: पिकाची नोंद, ऊस तुमच्या नावाने कारखान्याला गेल्याची स्लिप, वीजबिल. शिवाय दस्तातली किंमत शेजारच्या गटाच्या व्यवहारापेक्षा किती कमी, आणि त्याच खरेदीदाराच्या नावावर आसपासच्या गावांत अशा किती खरेद्या आहेत. हे शेवटचं नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर, म्हणजे ऑनलाइन दस्त शोधात, तपासता येतं.

आणि पैसे जमले, फेडायची वेळ आली, तर घाई तिथंही नको. रक्कम घेऊन त्याच्या घरी जाऊ नका. खरेदी फिरवायची असेल तर डीडी काढून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच भेटा. उलट खरेदीखतावर दस्तावरच्या माणसाची सही आणि अंगठा झाल्यावर डीडी हातात द्या. चेक, चिठ्ठ्या, स्टँप, फॉर्म 29-30 मोजून परत घ्या आणि पूर्णफेडीच्या पावतीवर प्रत्येक चेकचा नंबर लिहून त्याची सही घ्या. ‘एक चेक घरी राहिला, उद्या देतो’ म्हणाला, तर त्या नंबरासमोर ‘परत मिळालेला नाही, वापर करणार नाही’ असं तिथंच लिहून त्याची सही त्या ओळीखाली घ्या.