छोटं लॉक, मोठा आराम: कर्नल 6.8 महिनाभर वापरून

आमचं ऑफिस इंदूरला, पलासियाजवळ. सर्व्हरवर उबुंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार) होतं म्हणजे कर्नल (सिस्टीमचा गाभा) 5.15, आता 24.04 टाकलं तर 6.8 आलं. आमचा जावाचा प्रोग्राम शेकडो थ्रेडवाला (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं), त्यामुळे फरक लगेच जाणवला.

आधी काय व्हायचं, पेज फॉल्ट आला (हवं ते मेमरीचं पान अजून जोडलेलं नसलं) की सगळे थ्रेड एकाच एमएमॅप लॉकवर (प्रोग्रामच्या सगळ्या मेमरी-नकाशाचं कुलूप), रीड लॉक (अनेकांना एकत्र घेता येणारं) असलं तरी किती जणांनी घेतलं ते मोजणारा काउंटर तर एकच ना, त्याची कॅश लाइन (प्रोसेसरच्या जलद मेमरीतला तुकडा) कोअर-कोअरमध्ये पळत राहते, वर कोणी एमएमॅप करायला, म्हणजे तो नकाशा बदलायला, आला की मागे रात्रीच्या सराफ्यासारखी गर्दी. 2023 मधल्या 6.4 पासून प्रत्येक व्हीएमएला (मेमरीच्या सलग पट्ट्याला) स्वतःचं लॉक आहे, व्हीएमए शोधणं आरसीयूखाली (लॉक न घेता वाचायची पद्धत) होतं आणि नाहीच जमलं तर जुनं लॉक आहेच. वाड्याला एकच किल्ली होती, आता खोलीखोलीला कडी.

सिंगल थ्रेडवाल्यांना काही खास मिळणार नाही, उगाच घाई करू नका. आणि 6.4 च्या सुरुवातीच्या व्हर्जनला फोर्कच्या (प्रोसेसची नक्कल काढायच्या) वेळी मेमरी करप्ट व्हायचा बग होता, तो नंतर दुरुस्त झाला, म्हणून मी थांबलो होतो. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण रीबूटसाठी रात्री दोनपर्यंत जागलो.