एमएस्सी गणितात, ओढा इतिहासाकडे: शिलालेख, मोडी की छंद?

गणितात किंवा भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली, पण मन भाषेत नि इतिहासात रमणारी मुलं-मुली बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बरीच आहेत. पीएच.डी.चा विषय निवडताना त्यांची ओढाताण होते. आपल्या भागापुरतं बोलायचं तर मला तीन वाटा दिसतात: शिलालेखांचं कालगणित, मोडीचं संगणकाकडून वाचन आणि छंदशास्त्रातलं गणित. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधली. तिच्या दानलेखात मिती आहे ती अशी: शक ११२७, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, शनिवार, उत्तरायण संक्रांत (म्हणजे मकरसंक्रांत). शकात ७८ मिळवले की १२०५ येतं. पण रक्ताक्षी संवत्सर (साठ नावांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव) तर १२०४ च्या पाडव्याला सुरू झालं होतं. मग खरं काय? चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे १२०५ मध्ये पौष शुद्ध द्वितीया संक्रांतीच्या दहा-अकरा दिवस आधीच येऊन जाते. १२०४ मध्ये मात्र तेव्हाच्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे २५ डिसेंबरला वार, तिथी आणि संक्रांत तिन्ही एका दिवशी बसतात. म्हणजे लेख लिहिणाऱ्याने शकाचं चालू वर्ष मोजलं, सरलेलं नाही; चालू वर्ष धरलं की आकडा एकाने वाढतो, म्हणून ७८ मिळवून एक वर्ष जास्त आलं. वहीत हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आठशे वर्षांपूर्वीचा एक शनिवार हाती लागतो हो!

ज्योतिषगणिताचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीटसाहेबांना गुप्तकालीन लेखांच्या मित्या अशाच तपासून दिल्या होत्या. त्या कामाला खगोल, गणित आणि भाषा तिन्ही लागतात, आणि इथेच सीमाभागातला विद्यार्थी पुढे असतो. आपलं कन्नड बाजारापुरतं, बसस्टँडपुरतं असेल, पण कानाला ते परकं नाही. लेखांतलं हळेगन्नड, म्हणजे जुनं कन्नड, वेगळं शिकावं लागेल, वर्षभर तरी त्यात घालावं लागेल. तरी मराठी नि कन्नड दोन्ही लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला ते जितकं लवकर उमगतं, तितकं पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला उमगणार नाही. धारवाडची कन्नड संशोधन संस्था १९३९ पासून आहे आणि बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

मोडीची वाट नोकरीच्या दृष्टीने जास्त भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. यंत्राला अक्षरं ओळखायला शिकवणं आलं की आयटी कंपन्यांची दारं उघडी राहतात. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागद अजून सापडतात. अडचण लिपीतच आहे. आधी पानभर रेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत, हात न उचलता लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. समोर ‘दिन’ आहे की ‘दीन’, हे आगेमागे वाचूनच कळतं. यंत्राला शिकवायला माणसाने अचूक वाचलेली ढीगभर पानं लागतात, म्हणजे आधी स्वतः मोडी वाचता यायला हवी. नुसतं प्रोग्रॅमिंग येणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

छंदाचं गणित सुंदर आहे. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन; चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येते ते कागदावर मांडा: पाच. पाच मात्रांची आठ, सहांची तेरा. प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज, आणि हेमचंद्र या जैन पंडिताने हे इटलीच्या फिबोनाची या गणितीच्या आधी लिहून ठेवलंय. पण यावर आधीच पुष्कळ काम झालंय, आणि नवं काही सांगायचं तर संस्कृत-प्राकृतची बैठक पक्की हवी. ती नसेल तर छंदाचा छंदच ठेवा.

घरचे विचारतील, असं गणित आणि इतिहास एकत्र करून कोणाचं भलं झालंय? त्यांना दामोदर कोसंबींचं नाव सांगा. गोव्यात जन्मलेला हा गणिती जुनी आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी, एकेक करून तराजूत घालत असे. हातोहात फिरून नाणं किती झिजलं, यावरून ते किती काळ चलनात होतं याचा हिशेब त्यांनी मांडला.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र विसरू नका. प्राध्यापकाच्या जाहिरातीत एमएस्सीचा विषय बघतात. शिलालेखांवर पीएच.डी. केलेल्याला इतिहास विभाग ‘तुमचं एमए कुठंय?’ म्हणतो आणि गणित विभाग ‘यात गणित किती?’ म्हणतो. म्हणून नोंदणी गणितात करा, सहमार्गदर्शक शिलालेखांचा अभ्यासक घ्या, आणि ही दोन्ही नावं अर्ज भरण्याआधी लेखी पक्की करून घ्या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात चौकशी करायची असेल तर तीही याच पावसाळ्यात उरकून टाका.