ऑनलाइन कोर्स की प्रत्यक्ष कार्यशाळा?

लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने विचारलं, वर्षाकाठी एकच प्रशिक्षण परवडतं, तर रेकॉर्डेड कोर्स घेऊ की कार्यशाळा?

खर्चात ऑनलाइन उजवं. प्रवास नाही, मुलांची सत्रंही बुडत नाहीत.

खरा फरक काय शिकायचंय यावर पडतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी स्थिती) असलेल्या मुलांची हालचालींची क्षमता ठरवणाऱ्या जीएमएफसीएस या वर्गीकरणाच्या ५ पातळ्या, संशोधन वाचणं, पालकांबरोबर ध्येय ठरवणं हे पडद्यावर छान समजतं. तान्ह्या बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींचं मूल्यांकन तर मुळात व्हिडिओ बघूनच करतात. तिथे मागे जाऊन पुन्हा पाहता येणं मोलाचं. पण ताठर स्नायूंच्या मुलाला बसवताना कमरेला आधार कुठे द्यायचा, भरवताना जबडा किती हलका धरायचा, हे हातालाच कळावं लागतं. कोणीतरी आपला हात धरून जागा बदलून द्यावी लागते. मला तरी हे व्हिडिओतून कधी जमलं नाही.

नंतर कोणी आपलं काम पाहून चुका दाखवणार आहे का, हे दोन्हीकडे आधी विचारावं. नाहीतर शिकलेलं लवकर विरतं.

हात सरावलेला असेल आणि ज्ञान ताजं करायचं असेल, तर ऑनलाइन घे. नवखी असशील किंवा हाताळणी, भरवणं शिकायचं असेल, तर पैसे साठवून कार्यशाळाच.